पहिल्या चार पळ्या मोरीत

मी एक जुनी पितळी पळी आहे, मित्रांनो, आणि माझं बूड काळं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही नाक मुरडायला मोकळे. घासून निघेल असं मात्र समजू नका. राख झाली, लिंबू झालं, वाळू झाली, बाजारातली ती महागडी पावडरही झाली. माझ्या बुडाने आजवर कुणाचं ऐकलेलं नाही.

एका तांबटाच्या दुकानात माझा जन्म झाला. त्याने मला ठोकून ठोकून खोलगट केलं, वीतभर लांब दांडा जोडला, टोकाला अडकवायला आकडा काढला आणि आतून कल्हई केली. एक धोबीण हंडा दुरुस्त करून घ्यायला आली होती, तिने मला उचललं, हातात तोलून पाहिलं. "बाई, ही पळी तुमच्या सुनेलाही पुरेल," तांबट म्हणाला. दुकानदार सगळ्यांनाच असं सांगतात, पण याचा शब्द खरा झाला. जेवण वाढायला म्हणून मला घडवलं होतं. नशिबात काय वाढून ठेवलंय, ते वाढणाऱ्या पळीलाही कळत नाही बघा.

त्या धोबिणीच्या घरामागे मोठं अंगण होतं. एका कोपऱ्यात कपडे उकळायची चूल, शेजारी सोड्याची पिंपं, चार दगड आपटायला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या. दिवसभर धूर, वाफ आणि साबणाचा वास. ओल्या चादरींच्या मागे कोण बसलंय, काय करतंय, हे दारातून पाहणाऱ्याला कधी दिसायचं नाही. आणि तिथेच, चादरींच्या मागे, दुसरी चूल होती.

तुम्ही लहान आहात, म्हणून उलगडून सांगते. त्या काळी सरकारने दारू बंद केली होती. बंद केली म्हणजे काय, दुकानांना कुलपं लागली. पिणाऱ्यांच्या घशाला कुलूप कोण लावणार? मग घरोघरी, माळ्यावर, गोठ्यात लोक चोरून दारू गाळायला लागले. कुणी चांगली गाळायचं, कुणी वाटेल ते करायचं. आमच्या धोबिणीच्या दुसऱ्या चुलीवर तांब्याचा हंडा असे. त्यात साखरेचं पाणी आणि जास्त पिकून गळलेली फळं आठ-दहा दिवस आंबवलेली. हंड्याचं तोंड पिठाने लिंपायचं, वरून एक नळी काढायची आणि ती थंड पाण्याच्या टोपातून फिरवायची. वाफ गार झाली की नळीच्या टोकातून थेंब थेंब पडायला लागायचं.

आता माझं काम ऐका. मला विकत आणणाऱ्या त्या धोबिणीचा, म्हणजे सासूबाईंचा, कडक नियम होता, पहिल्या चार पळ्या मोरीत. मोजून चार. "पहिली वाफ हंड्यातला सगळा राग घेऊन बाहेर पडते. तो राग माणसाच्या पोटात कशाला घालायचा?" असं त्या सुनेला सांगायच्या. ही सून म्हणजेच माझी मालकीण. पुढे सगळा मोहल्ला तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही मावशीच म्हणते.

चार पळ्या टाकून झाल्या की माझी खरी परीक्षा. मावशी स्वयंपाकघरात यायची, खिडकी लावून घ्यायची, माझ्यात चमचाभर दारू घ्यायची आणि काडी लावायची. ज्योत पिवळी, धुरकट आली तर काहीतरी बिघडलंय. निळी आली, शांत आली, तर माल चोख. अंधाऱ्या खोलीत ती निळी ज्योत माझ्या पोटात नाचायची तेव्हा मला काय वाटायचं म्हणून सांगू! देवघरातल्या निरांजनाचा मान मला मिळतोय असं वाटायचं. बूड काळं होत होतं, पण त्याचं दुःख कुणाला होतं? मावशी मान हलवून म्हणायची, "पळी हो म्हणाली." पळी हो म्हणाली की बाटल्या भरल्या जायच्या. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू.

मोरीत जाणाऱ्या त्या चार पळ्यांवरून मात्र रोज वाद. आपल्याकडे लोकांना पहिल्या धारेचीच हवी असते ना! गिऱ्हाइकं हळहळायची. त्यातले एक, आमच्या मोहल्ल्याचे टपालवाले, तर अगदी डोक्याला हात लावायचे. "अहो मावशी, दुनिया पहिल्या धारेच्या मागे लागलीय आणि तुम्ही ती गटाराला पाजताय!" मावशी पिळलेला कपडा झटकत म्हणायची, "मोरी तिथे आहे. लावा तोंड." त्यावर सगळे हसायचे, टपालवाले सगळ्यांत मोठ्याने.

काय दिवस होते ते! बाटली पोचवायची युक्तीही धोबिणीचीच. इस्त्रीच्या गठ्ठ्यात वरच्या सदऱ्याच्या बाह्या मागे दुमडल्या असतील तर नुसते कपडे. बाह्या पुढे, हात जोडल्यासारख्या असतील तर गठ्ठ्याच्या पोटात बाटली. एकदा गडबडीत बाह्या जोडलेला गठ्ठा थेट न्यायाधीशांच्या बंगल्यावर गेला. दारू गाळणाऱ्यांना जे सहा-सहा महिने आत पाठवायचे, तेच हे न्यायाधीश. मावशीने चार दिवस जेवणाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी साहेबांचे मळके कपडे आले आणि सोबत चिठ्ठी, "घडी मागच्या खेपेसारखीच घालावी." मावशी दगडावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

या सगळ्या मंडळींत घड्याळजी वेगळे. समोरच्या रस्त्यापलीकडे त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, वरच्या खोलीत राहायचे. एकटेच. मावशीच्या नवऱ्याचे जिवलग मित्र, त्यामुळे ती त्यांना भाऊजी म्हणायची आणि ते तिला वहिनी. नवरा गेल्यानंतर दोघांनीही ही नाती सोडली नाहीत. डोळ्याला भिंग लावून घड्याळजी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचे, तेव्हा रस्त्यावरचे लोक काचेबाहेर उभं राहून श्वास रोखायचे म्हणे. त्यांची जीभही तशीच बारीक. नवीन माल निघाला की दुसऱ्या कुणाला देण्याआधी मावशी त्यांना बोलवायची. ते दुपारी येणार, पायरीवर बसणार, माझ्यातून दोन पळ्या घेणार, डोळे मिटणार. "वहिनी, फळं जरा जास्त पिकली होती या खेपेला." किंवा, "वा! आज दादा असता तर उठलाच नसता." दादा म्हणजे मावशीचा नवरा. हे ऐकलं की मावशी पदराने डोळे पुसायची आणि धुराला शिव्या घालायची.

मग एके दिवशी पोलिसांचा जमादार आला. कुणीतरी चुगली केली असणार. हातात कुऱ्हाड, मागे दोन शिपाई. चादरी बाजूला सारल्या, हंडा फोडला, नळी तोडली, आंबवण जमिनीवर ओतलं. दुपारची वेळ, त्याला भूक लागली होती. मावशी म्हणाली, "जमादारसाहेब, उपाशी पोटी कुऱ्हाड चालवू नये. दोन घास खाऊन घ्या." आणि खरंच बसला की हो तो! मी भिंतीवर आकड्याला लटकत होते. मावशीने मला काढलं आणि त्याच्या ताटात रस्सा वाढला. अख्खं घर पुराव्यासाठी उलथंपालथं केलं गड्याने आणि पुरावा त्याला रस्सा वाढत होता. "मावशी, हाताला चव आहे तुमच्या," म्हणाला आणि ताकीद देऊन गेला.

हंडा गेला त्याचं एवढं नव्हतं, तांबट नवा देणार होता. पण त्याला पंधरा दिवस लागणार होते आणि आठ दिवसांवर टपालवाल्यांचा निरोपसमारंभ होता. तीस वर्षं दारोदार पत्रं वाटून ते निवृत्त होणार होते. मंडळींनी मावशीच्याच अंगणात संध्याकाळी बसायचं ठरवलं होतं, चाळीस माणसं. मावशीने शब्द दिला होता. आणि मावशी म्हणजे अशी बाई, एक वेळ उपाशी राहील पण दिला शब्द फिरवणार नाही.

निरोपाच्या आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ एक मोठा डबा घेऊन आला. हा भाऊ लाकडी सामानाला वार्निश लावायच्या कारखान्यात कामाला. मनाने भोळा. बहिणीवर जीव टाकायचा.

"ताई, चिंता सोड. हे बघ काय आणलंय. स्पिरिट. वार्निश पातळ करायला वापरतात, एकदम स्वच्छ, पाण्यासारखं. निम्मं पाणी घाल आणि दे."

मावशीने झाकण उघडून वास घेतला. "हे पितात का पण?"

"स्पिरिट ते स्पिरिट! दारू म्हणजे तरी काय? आणि एवढी शंका असेल तर पळी आहे ना. तिला विचार."

तिने मला विचारलं, मित्रांनो. सासूबाईंनी शिकवलं होतं तसंच, एकही पायरी न चुकवता. आधी डब्यातल्या चार पळ्या मोजून मोरीत ओतल्या. हंड्यातून ताजी दारू निघते तेव्हा सगळ्यांत वाईट ते पुढे येतं, म्हणून त्या चार पळ्या. डब्यात पुढे आणि मागे कुठलं? वरपासून तळापर्यंत तेच. पण तिच्या हाताला सवय होती आणि चार पळ्या टाकल्यावर तिचा चेहरा निवळला. मग तिने खिडकी लावली, माझ्यात चमचाभर घेतलं आणि काडी ओढली.

ज्योत निळी आली. इतकी शांत, इतकी फिकी निळी मी कधी पाहिली नव्हती. धूर नाही, चरचर नाही. नंतर मी हजार वेळा आठवून पाहिलं, मी नेहमीपेक्षा कमी तापले होते का? काही वेगळं लागलं होतं का मला? खरं सांगते, आठवत नाही. मी हुरळून गेले होते. मावशी म्हणाली, "पळी हो म्हणाली," आणि भावाने टाळी वाजवली.

हाक मारल्यावर घड्याळजी आले. पायरीवर बसले. एक पळी घेतली, डोळे मिटले. दुसरी घेतली. ती जिभेवर घोळवली.

"स्वच्छ आहे," शेवटी म्हणाले. "पण वहिनी, ही तुमच्या हातची नाही."

"एवढी वेळ निभावून न्या, भाऊजी. पुढच्या आठवड्यात हंडा येईल."

"टपालवाला पहिल्या धारेची मागेल बघा," ते हसून उठले आणि दुकानाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाची वेळ. अंगणात सतरंज्या उन्हात घातल्या होत्या, मावशी मला घेऊन डब्यातलं बाटल्यांमध्ये ओतत होती. तेवढ्यात दारात घड्याळजी दिसले. भिंतीला हात लावून चालत होते. पायरी लागली तशी ठेचकाळले. या पायरीवर तो माणूस वीस वर्षं बसला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "ही कुणाला देऊ नका. कुणालाच नाही."

"का हो? झालं काय?"

"सकाळपासून धुकं आहे. मी म्हटलं, आज फारच पडलंय. मग मान भाजायला लागली उन्हाने. तेव्हा कळलं, धुकं बाहेर नाही."

मी मावशीच्या हातातून निसटले. तिने बाटल्या उचलल्या आणि एकेक मोरीत रिकामी केली, डबा लाथेने उलटवला. एक थेंबही मागे ठेवला नाही. मग मला उचलून कमरेला खोचलं, भाऊजींचा हात धरला आणि रस्त्यावरून जवळजवळ पळत दवाखान्यात नेलं. अख्ख्या आयुष्यात त्या बाईने कधी परपुरुषाचा हात धरला नव्हता. त्या दिवशी तिला कोण बघतंय याचं भान नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांत दिवा मारून पाहिलं, पोट दाबलं, श्वास ऐकला. "काल काय घेतलं होतं?"

"काही नाही," घड्याळजी म्हणाले. "चहा आणि पाव."

"आजोबा, नीट आठवा. काय घेतलं ते कळल्याशिवाय मला उपाय करता येणार नाही."

"चहा. आणि पाव."

मित्रांनो, तो माणूस तिच्यासाठी खोटं बोलत होता. दाराशी शिपाई उभा होता आणि हे त्या धुक्यातूनही त्यांना ठाऊक होतं. मावशीच्या कमरेशी मी होते, मला तिचा श्वास कळत होता. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. धोबिणीची ती धोबीणच राहिली असती. तिने मला उपसलं आणि टेबलावर आपटलं.

"खोटं सांगतायत ते, बाई. दारू प्यायलेत. मी दिलेली. या पळीने दोन पळ्या, काल दुपारी. वार्निशच्या कारखान्यातलं स्पिरिट होतं ते."

"वहिनी!" घड्याळजी ओरडले.

"गप्प बसा, भाऊजी. आयुष्यभर तुमचं ऐकलं, आज नाही ऐकणार."

शिपाई पुढे झाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि धावत औषधांच्या कपाटाकडे गेल्या. गंमत बघा, उतारा काय होता? दारूच. शुद्ध, चोख, दवाखान्यातली, मापाने दिलेली. ती अंगात गेली की विषाला पुढचं काम करता येत नाही म्हणे. "तुम्ही बोलला नसतात तर यांनी संध्याकाळ बघितली नसती," बाई मावशीला म्हणाल्या. "डोळ्यांचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

टपालवाल्यांचा निरोप त्या दिवशी झाला नाही. पण चाळीसच्या चाळीस माणसं जिवंत राहिली. मावशीला आणि तिच्या भावाला दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. मला गळ्यात चिठ्ठी बांधून कचेरीच्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. एका बाजूला गंजलेला सुरा, दुसऱ्या बाजूला चोरीची छत्री. तिथे मला कुणी हो की नाही विचारणारं नव्हतं. बरंच झालं म्हणायचं. त्या दोन वर्षांत मी फार विचार केला. पळीने विचार करू नये, पण अंधारात दुसरं करायचं काय?

सुटल्यावर मावशी कचेरीत सही करून मला घेऊन निघाली. तुरुंगात ती खूप वाळली होती. घड्याळजी एकदाही भेटायला आले नव्हते. तिने वाट पाहिली होती की नाही, मला माहीत नाही, पण घरी न जाता ती आधी त्यांच्या दुकानापाशी थांबली. काचेवर धूळ होती. आत घड्याळजी खुर्चीत बसले होते, समोर एक मोठं गजराचं घड्याळ, कानाजवळ धरून ऐकत होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी आलेय."

त्यांनी घड्याळ खाली ठेवलं. तिच्याकडे चेहरा केला आणि लगेच भिंतीकडे वळवला.

मावशी उभी राहिली. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मी तोंड दाखवायच्या लायकीची नाही. एवढंच सांगायला आले होते की चुकलं माझं." आणि जायला वळली.

"अहो वहिनी, थांबा की! कुठे निघालात?" घड्याळजी धडपडून उठले. त्यांचा चेहरा अजून भिंतीकडेच होता. "समोर पाहिलं तर मला मधोमध नुसतं पांढरं दिसतं. काही दिसत नाही. मान वळवली की कडेने थोडं दिसतं. तुम्हाला बघायचं म्हणून तर वळवली." मग बराच वेळ तसेच, भिंतीकडे तोंड करून, ते तिला बघत राहिले. "किती वाळलात हो. आणि केस सगळे पिकले."

मावशी तिथेच उंबऱ्यात बसली आणि रडली. या वेळी तिने धुराला शिव्या घातल्या नाहीत.

पुढे अंगणात एकच चूल पेटली, कपड्यांची. घड्याळजी बारीक घड्याळं सोडून गजराची आणि भिंतीवरची घ्यायला लागले, कानाने दुरुस्त करायचे. दुपारी चहाला यायचे. पायरीवर तिरके बसायचे, भिंतीकडे तोंड करून, आणि नवा माणूस विचारायचा, हे आजोबा मावशीवर रागावलेत का? मावशी म्हणायची, "नाही रे बाबा. माझ्याकडेच बघतायत." ती दोघंही आता नाहीत.

मी मात्र आहे. मावशीच्या भावाच्या नातीच्या घरी, ओट्याखालच्या खणात, मोडक्या किसणीशेजारी पडून असते. डाग जात नाही म्हणून मला कुणी पानाशी आणत नाही. मला पुन्हा चुलीजवळ न्या असा हट्ट नाही माझा. कधीतरी बाहेर काढलंत, दोन बोटांनी पुसलंत आणि आमटीत बुडवलंत तर बरं वाटेल एवढंच. म्हातारीला कामात ठेवावं, मित्रांनो, खणात नाही.

आणि जाता जाता एक ऐका. मी त्या दिवशी खोटं बोलले नव्हते. ज्योत निळी आहे का एवढंच मला कळायचं, आणि ती निळी होती. तो डबा आला कुठून, त्यात ते कशासाठी भरलं होतं, हे पळीला कधी कळणार? ते भावाला विचारायला हवं होतं, कारखान्यातल्या माणसाला विचारायला हवं होतं. मावशीला तोंड होतं, तुम्हालाही आहे. कुणी काही प्यायला दिलं, खायला दिलं आणि "बघ, तपासून पाहिलंय" म्हणालं, तरी लाजू नका. आधी विचारा.